जकार्ता-क्वालालंपूरला निघालात? आधी हाक मारायला शिका

नोकरीसाठी, शिक्षणासाठी किंवा जोडीदाराच्या बदलीमुळे इंडोनेशियाला नाहीतर मलेशियाला जाणाऱ्या प्रत्येकाला निघण्याआधी कुणीतरी सांगतंच, "भाषा एकदम सोपी आहे. लिपी रोमन, लिंगभेद नाही, आणि क्रियापद 'मी', 'तू', 'ते' कुणासाठीही बदलत नाही." हे खरं आहे, आणि आपली अडचण नेमकी तिथेच सुरू होते.

मराठीत आदर क्रियापदात बसवलेला असतो. 'बस', 'बसा', 'बसावं' एवढ्यावर काम भागतं. समोरच्याचं नाव किंवा नातं नाही उच्चारलं तरी 'या, बसा' म्हटलं की मान राखला जातो. मलय आणि इंडोनेशियनमध्ये 'दुदुक' म्हणजे बस, बसा आणि बसावं, तिन्ही. तिथे आदराचा सगळा भार संबोधनावर असतो. इंडोनेशियातले 'पाक' आणि 'बू', मलेशियातले 'अन्चिक' आणि 'पुआन' हे आपल्या श्रीयुत-श्रीमतींसारखे शब्द वाक्यातून गाळलेत, तर 'बसा'चं 'बस' होतं. व्याकरण बरोबर असूनही समोरचा माणूस दुखावतो, आणि तिकडची पद्धत अशी की तो तसं बोलून दाखवत नाही.

मी आधी जकार्तात आणि मग क्वालालंपूरमध्ये राहिले. दोन्ही शहरांत नव्यानं आलेली आपली माणसं याच जागी अडखळताना पाहिली, म्हणून सगळं क्रमानं लिहून काढते आहे. अस्खलित भाषा येण्याची वाट पाहू नका. संबोधन पहिल्या आठवड्यात आलं पाहिजे, बाकीची भाषा मागून येत राहील.

जवळ काय ठेवाल

- फोनमधली संपर्कयादी. प्रत्येक नाव संबोधनासकट साठवा: 'पाक हेंद्रा', 'म्बाक रीना', 'पुआन सलमा', 'दातुक लिम'. फोन वाजला की काय म्हणायचं ते डोळ्यांसमोर येतं. या यादीतला सगळ्यात उपयोगी सल्ला हाच.
- मिळालेली व्हिजिटिंग कार्डं आणि निमंत्रणपत्रिका. किताब, पदव्या, नावाचं स्पेलिंग, सगळं त्यांवर छापलेलं असतं.
- इंडोनेशियासाठी 'कामूस बसार बहासा इंदोनेसिया' हा सरकारी शब्दकोश, जो ऑनलाइन फुकट पाहता येतो. मलेशियासाठी 'देवान बहासा दान पुस्ताका' या संस्थेचा ऑनलाइन कोश. एका देशाचा कोश दुसऱ्या देशात वापरू नका.
- इंडोनेशियात घर भाड्यानं घेणार असाल तर पासपोर्ट आणि राहण्याचा परवाना यांच्या दोन-तीन झेरॉक्स. त्या कशाला, ते तिसऱ्या पायरीत येईल.

उच्चाराबद्दल तीन गोष्टी. रोमन 'सी' तिथे नेहमी 'च' असतो, म्हणून ज्याला आपण 'सिक' वाचतो ते 'चिक' आहे. रोमन 'ई' पुष्कळदा आपल्या 'अ'सारखा असतो. आणि शब्दाच्या शेवटचा 'क' पूर्ण उच्चारायचा नसतो, तो घशातच तोडायचा. 'पाक', 'काक', 'अन्चिक' म्हणताना शेवटचा 'क' ओठांबाहेर पडता पडता थांबवा. तो ठणठणीत उच्चारला की शब्द कळतो, पण कानाला खडबडीत लागतो.

पायरी १ : आधी देश पाहा

दोन्ही भाषांचं मूळ एकच, मलय. २८ ऑक्टोबर १९२८च्या 'युवक प्रतिज्ञे'त इंडोनेशियाच्या तरुणांनी सगळ्यात जास्त लोकांची जावानीज बाजूला ठेवून मलयवर आधारलेली भाषा देशासाठी स्वीकारली. पण तिथून पुढे दोन्हीकडची माणसं वेगळी जगली आणि संबोधनं वेगळी झाली. त्यामुळे एकीकडचा मान दुसरीकडे चालेलच असं नाही.

'इबू' हा इंडोनेशियात कुठल्याही प्रौढ स्त्रीसाठीचा आदरार्थी शब्द आहे. मलेशियात तो जन्मदात्या आईसाठी. क्वालालंपूरच्या बँकेत काउंटरवरच्या बाईंना 'इबू' म्हणालात तर त्या गोंधळतील, तिथे 'पुआन' किंवा 'चिक'. 'काकाक' मलेशियात फक्त मोठी बहीण, इंडोनेशियात मोठा भाऊ किंवा मोठी बहीण, कुणीही. 'तुआन' मलेशियात पोलीस अधिकाऱ्याला, हजला जाऊन आलेल्याला आणि सरकारी पत्रात सर्रास वापरतात. इंडोनेशियात या शब्दाला डचांच्या काळातल्या गोऱ्या मालकाचा वास आहे. तिथे तो फॉर्मवर आणि हॉटेलांच्या पत्रात उरलाय, समोरासमोर बोलताना नको.

एक शब्द तर आवर्जून लक्षात ठेवा. मलेशियात 'बुदाक' म्हणजे लहान मूल, इंडोनेशियात 'बुदाक' म्हणजे गुलाम. मलेशियात मुलांबद्दल सहज वापरायला शिकलेला हा शब्द जकार्तात कुणाच्या लेकरासाठी तोंडातून जाऊ देऊ नका.

पायरी २ : 'तुम्ही'ला शब्द शोधू नका

मराठी माणूस भाषा शिकताना पहिल्यांदा विचारतो, 'तू' काय आणि 'तुम्ही' काय? पुस्तकात उत्तर मिळतं : 'कामू' म्हणजे तू, 'आंदा' म्हणजे तुम्ही. आणि मग आपण साहेबांना, शेजारच्या आजोबांना, डॉक्टरांना 'आंदा, आंदा' करत सुटतो.

'आंदा' हे सर्वनाम बोलण्यातून आलेलंच नाही. १९५७ साली पत्रकार रोसिहान अन्वर यांनी 'पेदोमान' या दैनिकातून ते रुजवायला घेतलं. लहान-मोठा, साहेब-शिपाई असा भेद न करणारं एक सर्वनाम देशाला हवं, असा हेतू होता. ते रुजलं, पण जाहिरातीत, फॉर्मवर, प्रश्नपत्रिकेत, बँकेच्या मेसेजमध्ये, म्हणजे जिथे समोर कोण आहे ते माहीत नसतं तिथे. तोंडासमोरच्या माणसाला 'आंदा' म्हटलं तर अपमान होत नाही, पण 'तुम्ही माझे कुणी नाही' एवढं अंतर पडतं. मलेशियातही 'आंदा' जाहिरातींतच शोभतो.

बाकीची सर्वनामं वाटतात त्यापेक्षा धारदार आहेत. 'कामू' मित्राला, लहानाला. 'अंकाउ' किंवा 'काउ' अगदी जवळच्या माणसाला, नाहीतर भांडणात. मलेशियातला 'आवाक' बरोबरीच्यांत गोड लागतो, पण वडीलधाऱ्यांना तो उद्धटपणा होतो. जकार्तातली तरुण मुलं एकमेकांना 'लू' आणि स्वतःला 'गुए' म्हणतात. ते ऐका, समजून घ्या, पण ऑफिसात उचलू नका.

मग 'तुम्ही'च्या जागी काय? संबोधनच. 'पाक' नुसतं हाकेपुरतं नसतं, वाक्यात जिथे जिथे 'तुम्ही', 'तुम्हाला', 'तुमचं' येईल तिथे तिथे ते बसतं.

'बापाक माउ कमाना?' म्हणजे 'तुम्ही कुठे निघालात?'
'इबू सुदाह माकान?' म्हणजे 'तुमचं जेवण झालं?'
'इनी तास इबू?' म्हणजे 'ही पिशवी तुमची का?'

आपल्याकडे 'काका, तुम्ही कुठे निघालात?' यात 'काका' आणि 'तुम्ही' दोन्ही येतात. तिथे 'काका' येतो आणि 'तुम्ही' जातो. हे वळण एकदा बसलं की अर्धं काम झालं, म्हणून रोज पाच वाक्यं मुद्दाम अशी बोलून पाहा.

संबोधन ठरत नसेल तर आणखी एक वाट आहे, वाक्य कर्मणी करायची. 'बिसा दितुंग्गू सबंतार?' म्हणजे 'जरा थांबता येईल का?' मराठीत आपणही संकोच वाटला की असंच बोलतो, त्यामुळे ही युक्ती आपल्याला लवकर साधते.

आणि होकारसुद्धा उघडा ठेवायचा नाही. नुसतं 'या' म्हणजे 'हो', हे उत्तर तुटक वाटतं. 'या, पाक.' 'बाइक, बू.' 'तरिमा कासिह, म्बाक.' दोन अक्षरांचं संबोधन मागे लागलं की तेच उत्तर नम्र होतं. तुमची भाषा कितीही मोडकी असो, एवढं पाळलंत तर लोक तुमच्याशी सबुरीनं वागतात.

पायरी ३ : इंडोनेशियात सुरुवात 'पाक' आणि 'बू'पासून

'बापाक' म्हणजे वडील, 'इबू' म्हणजे आई. हाक मारताना लहान रूपं, पाक आणि बू. मराठी कानाला 'बापाक'मध्ये 'बाप' ऐकू येतो आणि तोंडावर कसं म्हणायचं असा संकोच होतो. तो सोडा, तिथे हा मानाचा शब्द आहे. राष्ट्राध्यक्षांपासून ऑफिसच्या वॉचमनपर्यंत सगळे 'पाक'. राष्ट्राध्यक्ष सुहार्तो 'पाक हार्तो' होते आणि तुमचा वयस्क ड्रायव्हरही 'पाक'च असणार. यातली समानता मला फार आवडते. आपल्याकडे 'साहेब' एका दिशेनंच जातं. तिथे साहेबही ड्रायव्हरला 'पाक' म्हणतो.

'इबू'चा लग्नाशी संबंध नाही. तिशीतली अविवाहित मॅनेजरही ऑफिसात 'बू' असते. तुम्ही स्वतः तरुण असलात आणि कुणी 'बू' म्हणालं तर वयाचा अंदाज चुकला असं समजू नका, ते तुमच्या पदाला म्हणतायत.

वडीलधारी माणसं, शिक्षक आणि साहेब स्वतःबद्दल बोलतानाही हेच शब्द वापरतात. तुमच्या बॉस म्हणाल्या, 'इबू तिदाक सतुजू', तर तिसऱ्या कुठल्या बाई नव्हे, त्या स्वतःच असहमत आहेत. मीटिंगच्या नोंदी घेणाऱ्या नवख्यांची इथे हमखास गल्लत होते. 'काका सांगतायत ना तुला' असं आपल्याकडे मुलांशी बोलताना म्हणतात. तिथे मोठ्यांशीही ही रीत चालते.

पदावरूनही हाक मारतात, आणि नाव माहीत नसेल तर तीच सोय पडते : पाक गुरू, बू गुरू, पाक पोलिसी, पाक सोपिर. डॉक्टरांना नुसतं 'दोक' चालतं, नर्सला 'सुस्तर' किंवा 'सुस'. हजला जाऊन आलेल्यांना 'पाक हाजी', 'बू हाजी'. जावामधल्या कॅथलिक धर्मगुरूंना 'रोमो'.

आता त्या झेरॉक्सचं. इंडोनेशियात प्रत्येक गल्ली-वस्तीचा एक निवडलेला प्रमुख असतो, त्याला सगळे 'पाक एर-ते' म्हणतात. प्रमुख बाई असतील तर 'बू एर-ते'. पाहुण्यानं चोवीस तासांत नोंद करावी, अशी पाटी पुष्कळ गल्ल्यांच्या तोंडाशी दिसते. घर घेतलंत की कागद घेऊन त्यांच्याकडे स्वतः जा. 'सलामात सोरे, पाक. माआफ मंग्गांग्गू' म्हणजे 'नमस्कार, त्रास देतोय, माफ करा' एवढं म्हणा, बसायला सांगेपर्यंत उभे राहा आणि कागद उजव्या हातानं द्या. त्या पंधरा मिनिटांत गल्ली तुम्हाला ओळखायला लागते. कंपनीचा एजंट 'मी करून देतो' म्हणेल, पण हे काम त्याच्यावर सोडू नका.

पायरी ४ : वय आणि गाव पाहून शब्द बदला

पंचविशीच्या वेटरला 'पाक' म्हटलं तर चूक नाही, पण त्याला अवघडल्यासारखं होतं. जावामध्ये आणि जकार्तात तरुण पुरुषाला 'मास', तरुण स्त्रीला 'म्बाक'. मूळ जावानीजमध्ये हे मोठा भाऊ आणि मोठी बहीण. तुमच्यापेक्षा लहान असला तरी अनोळखी माणसाला मोठ्या भावंडाचाच मान द्यायचा, हा तिथला नियम. 'आदिक' किंवा 'दिक' म्हणजे धाकटं भावंड. ते शाळकरी मुलांसाठी ठेवा. नोकरी करणाऱ्या माणसाला 'दिक' म्हणणं त्याला लहान लेखणं आहे, आणि नवरा-बायकोतही हा शब्द चालत असल्यानं भलता अर्थही निघू शकतो.

जकार्तात रस्त्यावर 'बांग' ऐकू येईल : मोटारसायकल-टॅक्सीवाला, फेरीवाला, मेकॅनिक. दुकानातल्या मुलीला किंवा ऑनलाइन विक्रेत्याला 'काक'. तेही तुम्हाला 'काक'च म्हणतील, तुम्ही पन्नाशीचे असलात तरी. 'काकाक'चा आपल्या काकाशी काही संबंध नाही, हे मनाला दोनदा बजावा.

शहर बदललं की शब्द बदलतो. बांडुंगमध्ये 'कांग' आणि 'तेह', पाडांगच्या मिनांगकाबाउ लोकांत 'उदा' आणि 'उनी', बालीत 'ब्ली' आणि 'म्बोक', सुराबायात 'चाक', माकास्सारमध्ये 'दाएंग'. जकार्तातल्या ग्लोडोकसारख्या चिनी बाजारात दुकानदाराला 'को', बाईंना 'ची', वयस्क असतील तर 'ओम' आणि 'तांते'. हे शेवटचे दोन डचांकडून आलेले, आणि शहरी घरांत मुलं आईवडिलांच्या मित्रांना हेच म्हणतात. तुमच्या मुलांनाही हेच शिकवा.

यात एक खाच आहे. 'म्बोक' बालीत ताई आहे, पण जावामध्ये म्हाताऱ्या खेडवळ बाईला किंवा घरकामाच्या वयस्क बाईला म्हणतात. बालीची सुट्टी संपवून जकार्ताच्या ऑफिसात कुणा सहकारी स्त्रीला 'म्बोक' म्हणू नका. स्थानिक शब्दाची खात्री नसेल तिथे पाक, बू, मास, म्बाक या चौघांवर राहा. यांना देशभर कुणी नावं ठेवत नाही.

तरीही ठरेना, तर विचारा. 'साया पांग्गिल बापाक आताउ मास?' म्हणजे 'तुम्हाला बापाक म्हणू की मास?' हा प्रश्न तिथे अजिबात विचित्र नाही, उलट विचारणाऱ्याला शिकायचं आहे हे त्यातून दिसतं.

पायरी ५ : आडनाव विचारू नका

आपण 'पाटील साहेब', 'कुलकर्णी मॅडम' असं आडनावाला धरून चालतो. ही सवय विमानतळावरच सोडावी लागते.

इंडोनेशियात पुष्कळांना आडनावच नसतं, काहींचं तर अख्खं नावच एक शब्दाचं. पहिले दोन राष्ट्राध्यक्ष सुकार्नो आणि सुहार्तो, दोघांची नावं तेवढीच. म्हणून पाक किंवा बूच्या मागे माणसाचं स्वतःचं, रोजच्या वापरातलं नाव लावायचं. बालीत मोठी गंमत आहे : नाव जन्मक्रमावरून ठेवतात. पहिलं वायान, दुसरं मादे, तिसरं न्योमान, चौथं कतुत, आणि पाचव्याला पुन्हा वायान. त्यामुळे एका ऑफिसात तीन 'पाक वायान' सापडतात. पुढचं नाव विचारून घ्या. उत्तर सुमात्राचे बाताक लोक मात्र कुळाचं नाव अभिमानानं लावतात. तिथे 'पाक सिरेगार' अशी कुळनावानं हाक चालते.

मलेशियातल्या मलय मुसलमानांच्या नावात 'बिन' म्हणजे चा मुलगा, 'बिंती' म्हणजे ची मुलगी. 'अहमद बिन इस्माइल' यांना 'अन्चिक इस्माइल' म्हणालात तर तुम्ही त्यांच्या वडिलांना हाक मारली. ते 'अन्चिक अहमद'. नाव 'मोहम्मद'नं सुरू होत असेल तर बहुधा पुढचं नाव वापरतात, आणि 'अब्दुल' कधीही एकटा उभा करत नाहीत. भारतीय वंशाच्या मलेशियनांच्या कागदांवर बापाच्या नावाआधी 'मुलगा' किंवा 'मुलगी' यांची मलय आद्याक्षरं असतात. त्यांनाही स्वतःच्या नावानंच हाक. चिनी माणसांचं आडनाव पहिलं येतं : ली क्वान यू हे 'मिस्टर ली', 'मिस्टर यू' नव्हेत.

तुम्हालाही पहिल्या नावानंच हाक मारतील. संदीप जोशी तिथे 'पाक संदीप' किंवा 'अन्चिक संदीप'. इंडोनेशियात त्यांच्या पत्नीला शेजारी कदाचित 'बू संदीप' म्हणतील, किंवा मुलाच्या नावावरून 'मामा आरव'. स्वतःच्या नावानं ओळखलं जावं असं वाटत असेल तर पहिल्याच भेटीत हसून आपलं नाव सांगा. लोक आनंदानं बदलतात.

पायरी ६ : मलेशियात ऑफिस वेगळं, रस्ता वेगळा

ऑफिस, बँक, दवाखाना, सरकारी खिडकी : पुरुषाला 'अन्चिक', विवाहित किंवा वयानं मोठ्या स्त्रीला 'पुआन', तरुण किंवा विवाहित की नाही हे माहीत नसलेल्या स्त्रीला 'चिक'. पोलीस आणि इमिग्रेशन अधिकाऱ्यांना 'तुआन' आणि 'पुआन'. शिक्षकांना 'चिगू', आणि हा शब्द माणसाला आयुष्यभर चिकटतो. निवृत्त शिक्षकालाही गाव 'चिगू'च म्हणतं. धर्मशिक्षकांना 'उस्ताज' आणि 'उस्ताजा'.

रस्त्यावर आलात की नाती सुरू. आईवडिलांच्या वयाच्या मलय माणसाला 'पाकचिक', बाईंना 'माकचिक'. थोड्या मोठ्यांना 'आबांग' आणि 'काक'. नासी लमाक विकणारी बाई चाळिशीची असेल तर 'काक' म्हणा; 'माकचिक' थोडं थांबू दे. चिनी आणि भारतीय वंशाच्या वडीलधाऱ्यांना 'अंकल' आणि 'आँटी'. तमिळ मुसलमानांच्या मामाक टपरीवर 'आणे' किंवा 'बॉस'. 'बॉस' तर क्वालालंपूरमध्ये गिऱ्हाईक आणि दुकानदार दोघंही एकमेकांना म्हणतात.

एक शब्द मात्र कुणाच्याही तोंडी ऐकलात तरी उचलू नका : 'कलिंग'. पेनांगच्या जुन्या 'कापितान कलिंग' मशिदीच्या नावात तो उरला आहे, पण भारतीय वंशाच्या माणसाला उद्देशून आज तो शिवीसारखा लागतो.

पायरी ७ : किताब चुकवू नका

मलेशियात हा भाग खरोखर जड आहे, आणि व्यवसायासाठी जाणाऱ्यांनी तो पाठच करावा. देशाचे राजे, नऊ राज्यांचे वंशपरंपरागत शासक आणि चार राज्यांचे राज्यपाल मानाचे किताब देतात. उतरत्या क्रमानं तुन, तान स्री, दातुक सरी, दातुक असा ढोबळ हिशोब धरा. महाथिर मोहम्मद 'तुन महाथिर', अन्वर इब्राहिम 'दातुक सरी अन्वर'. अभिनेत्री मिशेल योह 'तान स्री' आहेत. आपल्या शाहरुख खानला २००८ साली मलाक्का राज्यानं 'दातुक' किताब दिला.

नियम असे. किताब आला की अन्चिक किंवा पुआन गळतं. 'अन्चिक दातुक' असं काही नसतं. दोन-तीन किताब असले तरी बोलताना सगळ्यात वरचा एकच घ्यायचा. किताबामागे स्वतःचं नाव, वडिलांचं नाही. आणि बोलताना नाव न घेता नुसतं 'दातुक', 'तान स्री' पुरतं. सर्वनामाच्या जागीही तेच बसतं. 'तान स्री'मधला 'तान' हे चिनी आडनाव नव्हे, ते वेगळं. 'दातुक' आणि 'दातो' ही दोन रूपं देणाऱ्या संस्थेनुसार पडतात, तेव्हा कार्डावर जसं छापलंय तसंच लिहा, आपल्या मनानं सुधारू नका.

दातुकांची पत्नी 'दातिन', तान स्रींची 'पुआन स्री', तुन यांची 'तोह पुआन'. स्त्रीला स्वतःच्या कर्तृत्वावर किताब मिळाला असेल तर तिच्या नवऱ्याला मात्र काही मिळत नाही. म्हणून मेजवानीत जोडप्याला भेटण्याआधी किताब नेमका कुणाचा आहे ते पाहून घ्या. खासदार-आमदारांना 'यांग बर्होर्मात', बोलताना नुसतं 'वाय-बी'. न्यायाधीशांना 'यांग आरिफ'.

ब्रुनेईला गेलात तर तिथे श्रीयुत म्हणजे 'आवांग' आणि श्रीमती म्हणजे 'दायांग', किताबांची यादी याहून लांब. तिथल्या ऑफिसातून लेखी यादी मागून घ्या.

पायरी ८ : आपली घरची नाती तिथे जपून

ही सूचना फक्त आपल्यासाठी, दुसऱ्या कुठल्या पुस्तकात मिळणार नाही. आपली नेहमीची संबोधनं मलय कानाला भलतीच ऐकू येतात. 'ताई' ऐकलं की त्यांना विष्ठा ऐकू येते. 'भाऊ' म्हणजे त्यांचं 'बाउ', वास. 'दादा' म्हणजे छाती, 'काकी' म्हणजे पाय. बाजारात 'ए ताई!' अशी मोठ्यानं हाक मारली तर लोक वळून पाहतात. घरात काहीही म्हणा. पण स्थानिक पाहुण्यांना ओळख करून देताना आधी नाव सांगा आणि नातं त्यांच्या भाषेत : 'इनी काकाक साया.'

एक गोष्ट मात्र आपल्याला घरबसल्या येते. 'कामी' म्हणजे आम्ही, समोरच्याला वगळून. 'किता' म्हणजे आपण, त्याला धरून. युरोपीय माणसं यावर महिनोनमहिने अडतात, आपल्याला हा भेद आईच्या भाषेतून मिळालेला आहे. तो नीट वापरा. 'आपली मीटिंग' म्हणायचं असताना 'कामी' आलं तर समोरच्याला तुम्ही बाहेर ठेवलंत. जकार्तात बोलताना लोक दोन्हीकडे 'किता' चालवतात, लिहिताना तसं करू नका. आणि गैरहजर वडीलधाऱ्याबद्दल बोलताना 'दिआ' नको, 'बलिआउ' म्हणा.

पायरी ९ : लिहिताना

इंडोनेशियन पत्राची सुरुवात 'यांग तर्होर्मात' म्हणजे माननीय, मग बापाक किंवा इबू आणि नाव. मजकूर 'दंगान होर्मात' या शब्दांनी सुरू होतो. पदव्या गाळू नका. नावाआधी डॉक्टर, इंजिनियर, हाजी आणि नावामागे विद्यापीठाच्या पदव्या, हे सगळं लग्नपत्रिकेतही छापतात. मलेशियात अनोळखी व्यक्तीला 'तुआन/पुआन'.

संबोधन म्हणून आलेला नात्याचा शब्द मोठ्या अक्षरानं सुरू होतो आणि त्याच्याआधी स्वल्पविराम येतो. इंडोनेशियन शुद्धलेखनाचा तो नियमच आहे. लहान अक्षरात लिहिलेला 'पाक' घाईत टाकल्यासारखा दिसतो.

व्हॉट्सअॅपवर थेट कामावर येऊ नका. 'सलामात पागी, पाक हेंद्रा. मोहोन माआफ मंग्गांग्गू,' एवढं लिहून मगच विषय, आणि शेवटी 'तरिमा कासिह, पाक.' मेसेज लांबतो, पण उत्तर लवकर येतं. आणि कुणी 'पांग्गिल नामा साजा', म्हणजे 'नुसतं नावानं हाक मारा', असं सांगितलं तरी चारचौघांत, विशेषतः त्यांच्या वरिष्ठांसमोर, 'पाक' आणि 'बू' चालूच ठेवा. ती सवलत दोघांपुरती असते.